सर आडवे येतात

आमच्या शाळेत मोठा टीव्ही आला तेव्हा गावानं त्याला झेंडूचा हार घातला होता. ग्रामपंचायत आणि गावकऱ्यांनी मिळून तो घेतला होता. सरपंचांनी रिमोटचं बटण दाबलं, पडद्यावर निळा समुद्र आणि त्यात पोहणारे मासे दिसले, आणि समोर मांडी घालून बसलेल्या लेकरांनी टाळ्या वाजवल्या. मग मुख्याध्यापकांनी धूळ बसू नये म्हणून त्याला मापाचं कापडी कव्हर शिवून घेतलं. कव्हर काढायचं तर त्यांना विचारायचं, आणि त्यांनी हो म्हटलं तेव्हा वीज असेलच असं नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी जमायचं.

शाळा वाशीम जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. मालेगावहून शिरपूरकडे जाताना एक फाटा फुटतो, तिथून आत. मी मालेगावला खोली करून राहत होते आणि स्कूटीवर ये-जा करत होते. वरच्या तीन वर्गांना विज्ञान आणि मराठी माझ्याकडे होतं. शिवाय कॉम्प्युटर येतो म्हणून माझं नाव तालुक्याच्या यादीत 'तंत्रस्नेही शिक्षिका' म्हणून होतं. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच होता की ऑनलाइन भरायची सगळी माहिती मी भरायची.

एका बैठकीसाठी मला ई-लर्निंगचा अर्थ सांगणारं टिपण लिहायला लावलं. मी दोन पानं लिहिली. आनंददायी शिक्षण, विद्यार्थीकेंद्री पद्धत, चार भिंतींच्या पलीकडचा वर्ग, असे शब्द त्यात होते. बैठकीत मी ते वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातलं एकही वाक्य मी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून लिहिलेलं नव्हतं. तेव्हा ते मला खटकलं नाही.

गणित सरांकडे होतं. शाळेत पुरुष शिक्षक आणखी दोन होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की सगळ्या गावाला हेच कळायचं. करोना आला तेव्हा नोकरीची तीस वर्षं झालेली, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. घर शिरपूरला. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन, आणि हातात खडू आला की बदलून जाणारा आवाज. ओट्यावर बसून बोलताना ते आमच्यासारखेच वऱ्हाडी बोलायचे. फळ्यासमोर उभे राहिले की पुस्तकातली मराठी सुरू व्हायची. अक्षर छापल्यासारखं. फळा भरला की पुसायला जीव होत नसे. मुलं त्यांना घाबरत. ते मारत नसत, पण एक वाक्य बोलत आणि वर्ग हसे.

त्यातलं एक वाक्य मी व्हरांड्यातून ऐकलं होतं. सहावीतली एक मुलगी फळ्यावर गणित करताना अडली होती. बारीक, दोन वेण्या, नेहमी तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसणारी. सर म्हणाले, "जा बाई, जागेवर बस. देवानं सगळ्यांले सगळं देलं नसते." वर्ग हसला. तीही थोडी हसली आणि जाऊन बसली. त्यानंतर ती गणिताच्या तासाला बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. माझ्या तासालाही फारसं नाही.

करोनानं शाळा बंद झाली आणि ती घरबसल्या सातवीत गेली.

वरून आदेश आला की शिक्षण सुरू राहिलं पाहिजे. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालकांचे नंबर गोळा करून ग्रुप केला. अर्ध्याअधिक घरांत साधा मोबाईल होता, किंवा मोठा मोबाईल होता पण तो दिवसभर बापासोबत वावरात जायचा. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासाठी मी आठवड्यातून दोनदा छापील कागद घेऊन जायचे, आणि ते मारुतीच्या पारावर दगडाखाली ठेवून यायचे. बाकीच्यांसाठी व्हिडिओ.

पहिले व्हिडिओ मी फार हौसेनं केले. कॉम्प्युटरवर एक बोलका राघू बनवला. तो उडत यायचा, "नमस्कार बालमित्रांनो" म्हणायचा, मागे संगीत, अक्षरं गोल फिरत यायची. एका धड्याला माझे दोन दिवस जात. तालुक्याहून कौतुकाचे संदेश आले. पंधरा दिवसांनी मी पारावर भेटलेल्या तीन-चार मुलांना विचारलं, "झाडाच्या पानाचं काम काय असतं, सांगा बरं."

"म्याडम, तो राघू लय भारी आहे," एक जण म्हणाला.

"आणि पान?"

"पानावरच तर बसते तो."

मी घरी आले आणि राघूची फाईल बंद करून ठेवली.

गणिताचं काय, हा प्रश्न होताच. सरांकडे बटणांचा मोबाईल होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं फळ्यावर शिकवा, मी ते मोबाईलमध्ये घेते आणि ग्रुपवर टाकते. ते आठ दिवस टाळत राहिले. "मले त्या डब्ब्याशी बोलता येत नाही, म्याडम. समोर लेकरू पाह्यजे." शेवटी म्हणाले, "तुमी बसा मंग समोर."

तसं ठरलं. सकाळी दहाला आम्ही दोघं रिकामी शाळा उघडायचो. बाकावर बाक ठेवून, वर पृथ्वीचा गोल ठेवायचा आणि त्याला मोबाईल टेकवायचा, ही आमची व्यवस्था. मी शेजारच्या बाकावर वही घेऊन बसायचे. सर खडू घेत, आवाज बदले, आणि ते शिकवायला लागत. मधून मधून थांबून मला विचारत, "समजलं?" मी म्हणायचे, "हो सर." ते पुढं जात. आजही ते व्हिडिओ लावले तर प्रत्येकात माझा तो "हो सर" ऐकू येतो. त्यात काही बनाव नव्हता. मला खरंच येत होतं. रिसोडच्या शाळेत मी याच पद्धतीनं शिकले होते.

त्यात एक धडा समीकरणांचा होता. एका अनोळखी संख्येत पाच मिळवले तर बारा होतात, तर ती संख्या कोणती. सरांनी फळ्यावर लिहिलं, क्ष अधिक पाच बरोबर बारा. मग नेहमीच्या लयीत म्हणाले, "आता हा पाच पलीकडे नेऊ. पलीकडे गेला की चिन्ह बदलतं. अधिकचं वजा होतं." वळून त्यांनी दुसरी ओळ लिहिली, क्ष बरोबर बारा वजा पाच. "म्हणून क्ष बरोबर सात. समजलं?"

"हो सर."

व्हिडिओ ग्रुपवर गेला. मुलांनी उत्तरं पाठवली, बहुतेकांची बरोबर. दोन दिवसांनी एका नंबरवरून आवाजाचा संदेश आला. मागे कुणीतरी टिनाचा डबा सरकवत होतं. आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण तो मी फार ऐकलेला नव्हता. तीच मुलगी होती.

"म्याडम, तो समीकरणाचा व्हिडू आहे ना, त्याच्यात सर आडवे येतात. पाच इकडून तिकडं जाते तवा ते फळ्याच्या समोर उभे राह्यते, त काय लिहितात ते दिसून नाही राह्यलं. मी चौदा खेप पायलं. तेवढं पुन्यांदा दाखवा ना."

मी व्हिडिओ लावून पाहिला. खरंच, पहिली ओळ झाल्यावर सर वळत आणि त्यांच्या पाठीनं फळ्याचा तो भाग झाकला जाई. ते बाजूला झाले की पाच पलीकडे पोहोचलेला असे. मला वाटलं, मोबाईल चुकीच्या ठिकाणी ठेवला होता. तंत्रस्नेही माणसाला प्रश्न नेहमी कॅमेऱ्याचाच वाटतो.

सरांना मी एवढंच सांगितलं की चित्रण नीट आलेलं नाही, परत घेऊ. त्यांनी कुरकुर केली नाही. या वेळी मी बाक खिडकीजवळ नेले. सर एका अंगाला उभे राहिले, हात लांब करून लिहीत गेले. एकही अक्षर झाकलं गेलं नाही. तो व्हिडिओ मी त्या एकाच नंबरवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं.

"म्याडम, आता समदं दिसलं. तिथं सर काहीच लिहीत नाही. पयले पाच इकडं आहे, मंग तिकडं आहे. मधात काहीच नाही. मंग चिन्ह काहून बदलते?"

मी तो संदेश स्कूटीवर बसल्या बसल्या ऐकला. उत्तर मला माहीत होतं. दोन्ही बाजूंतून पाच वजा करायचे. पलीकडे वगैरे काही जात नाही. पण कुणी विचारलं असतं तरच मला ते आठवलं असतं, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं. समोर बसून मी स्वतः दोनदा "हो सर" म्हटलं होतं.

मी तिला लगेच दोन ओळींत समजावून सांगू शकत होते. पण धडा सरांचा होता. शाळेत गेल्यावर मी मोबाईल त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि दोन्ही संदेश ऐकवले.

सरांनी ते ऐकले. परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी चश्मा काढला.

"कोण व्हय ही?"

मी सांगितलं.

"ती? ती त वर्गात तोंड उघडत नाही."

"नाही उघडत."

"मंग इथं कशी काय बोलली?"

मी म्हणाले, "इथं तुम्ही तिच्याकडे पाहत नाही, सर. आणि हसायला वर्ग नाही."

त्यांना राग आला. आवाज चढला. "तीस वर्षं झाले, मी शिकवून राह्यलो. किती पोट्टे इंजिनेर झाले. कोणी म्हनलं नाही का मधात काही राह्यते म्हनून." त्यांनी सातवीचं पुस्तक उघडलं, धडा काढला. त्यात तराजूचं चित्र होतं. दोन पारडी, एकात एक पिशवी आणि वजन, दुसऱ्यात नुसती वजनं. ते चित्र दर वर्षी त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं असणार. त्यांनी पुस्तक मिटलं.

"कुठं राह्यते ती?"

ती काकूकडे असायची दिवसभर. काकूची पिठाची गिरणी होती, आणि घरातला एकुलता एक मोठा मोबाईलही काकूचाच. गिऱ्हाइकांचे फोन यायचे म्हणून तो गिरणीतच राहायचा. मुलगी तिथं बसून धडे पाहायची. गिरणी सुरू असली की काही ऐकू येत नसे, म्हणून ती वीज जायची वाट पाहायची. आमच्याकडे वीज जायला फार वाट पाहावी लागत नाही. पट्टा थांबला, घरघर बंद झाली की ती मोबाईल काढायची, त्यावरचं पीठ ओढणीनं पुसायची आणि धडा लावायची. वीज आली की धडा तिथंच थांबवायचा. चौदा वेळा पाहिलं म्हणजे काय, ते मला तिथं गेल्यावर समजलं.

आम्ही गेलो तेव्हा गिरणी सुरू होती. सर तोंडाला रुमाल बांधून दारात उभे राहिलेले पाहून काकू गडबडली. तिनं खटका दाबून पट्टा बंद केला. मुलगी पोत्यांच्या मागे उभी राहिली.

"काय झालं, सर? हिनं काई केलं का?"

"काई नाही केलं. तराजू आहे का तुमच्याकडं? तो पारड्याचा."

नवा काटा विजेचा होता. जुना तराजू भिंतीला खुंटीवर होता. काकूनं तो काढून दिला. सरांनी तो वरच्या लाकडी आडव्याला टांगला, हातानं स्थिर केला. एका पारड्यात त्यांनी पाच किलोचं वजन ठेवलं आणि ज्वारीच्या पिठाची एक थैली. दुसऱ्या पारड्यात पाच, पाच आणि दोन. मग थैलीतलं पीठ ओंजळीनं कमी-जास्त करत राहिले, दांडी सरळ होईपर्यंत. बाहेर दळण घेऊन आलेल्या दोन बाया थांबून पाहू लागल्या. मी मोबाईल काढला होता. चित्रण करू का, असं विचारलं नाही. त्यांनी नको म्हटलं नाही.

"इकडं ये," सर तिला म्हणाले. ती पुढं आली.

"थैलीत किती आहे, मले माहीत नाही. तुले माहीत आहे?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"हे पाच मी उचलले." त्यांनी डाव्या पारड्यातलं वजन काढलं. तराजू धाडकन उजवीकडे गेला. "काय झालं?"

"वाकडा झाला."

"सरळ कर."

ती तराजूकडे पाहत राहिली. मग तिनं हात पुढं करून उजव्या पारड्यातलं एक पाचचं वजन उचललं. दांडी हलत हलत थांबली. सरळ.

"तिकडं किती राह्यले?"

"सात."

"मंग थैलीत?"

"सातच." ती दोन्ही हातांत ते वजन धरून उभी होती. "म्हंजे पाच तिकडं गेलाच नाही. दोनीकडून काढला."

"नाही गेला," सर म्हणाले.

"मंग तुमी काहून म्हनता, गेला म्हनून?"

काकूनं जीभ चावली. सरांनी तराजूची दांडी हातानं धरली. त्यांच्या बाहीवर, भुवयांवर पीठ बसलं होतं.

"मले तसंच शिकवलं होतं," ते म्हणाले. "मीबी इचारलं नाही."

वीज होती, गिऱ्हाईक थांबलं होतं. आम्ही निघालो. काकूनं चहाचा आग्रह केला, पण त्या दिवसांत कुणी कुणाकडे चहा घेत नसे. फाट्यापाशी सर आपली गाडी थांबवून म्हणाले, "सहावीत मी तिले काहीतरी बोललो होतो. काय बोललो होतो, आठवते का तुमाले?"

मला शब्द न् शब्द आठवत होता. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते शिरपूरच्या दिशेनं गेले.

त्यानंतर सरांनी एक वही केली. ग्रुपवर माझ्या आवाजात एक प्रश्न पाठवायला लावला: धडा पाहताना तुम्ही कुठं थांबवता? कुठं मागं नेता? आधी कुणी उत्तर दिलं नाही. मुलांना वाटलं, थांबवणं ही चूक आहे, कबूल केली तर बोलणी बसतील. मग हळूहळू संदेश येऊ लागले. भागाकारात शून्य खाली घेतात तिथं. अपूर्णांक उलटा करतात तिथं. वजा गुणिले वजा अधिक होतं तिथं. सर संदेश ऐकत आणि धड्याच्या नावापुढं ती जागा लिहीत. एकदा मला म्हणाले, "पाहा म्याडम, पाच पोट्ट्यांनी एकाच जागी थांबवलं. वर्गात हे पाची जण मान हलवत होते."

मला वाटतं, तेव्हा कुठं मला माझ्या टिपणातल्या विषयाचा थोडा अर्थ लागला. व्हिडिओत नवीन काही नव्हतं. तोच फळा, तोच खडू, तेच सर. फरक एवढाच की वर्गात सरांना कुणी थांबवू शकत नव्हतं आणि मोबाईलवर बाराचौदा वर्षांचं लेकरू एका बोटानं थांबवू शकत होतं. पण कुठं थांबवलं, हे कुणी विचारलं तरच त्याचा उपयोग होता. आम्हाला ते योगायोगानं कळलं. ती मुलगी पंधराव्यांदा पाहून कंटाळली असती, तर सगळं होतं तसंच चालू राहिलं असतं. ज्यांच्याकडे पाराच्या दगडाखालचे कागदच जात होते, ती मुलं कुठं अडली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हेही लिहून ठेवायला हवं.

पुढच्या काळात शाळा उघडली, परत बंद झाली, परत उघडली. कायमची उघडली तेव्हा तो वर्ग आठवीत होता आणि सरांचे थोडे महिने उरले होते. पहिल्या दिवशी ते वर्गावर गेले तेव्हा मी शेजारच्या वर्गात होते. मध्ये पार्टिशनची भिंत, सगळं ऐकू येतं.

"मी तुम्हाला काही पायऱ्या शिकवल्या नव्हत्या," ते म्हणाले. आवाज फळ्यासमोरचाच, पुस्तकी. "चूक माझी आहे. तुमच्या आधीच्या मुलांनाही शिकवल्या नव्हत्या. त्यांना आता सांगता येत नाही. तुम्हाला सांगतो." शिक्षकानं असं बोलल्यावर काय करायचं, हे मुलांना माहीत नव्हतं. सरांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मधल्या सुट्टीत मी पाहिलं, ती मुलगी नेहमीसारखीच भिंतीला टेकून बसली होती. तिला गणिताच्या तासाला बोलतं झालेलं मी नंतरही फार पाहिलं नाही. मात्र सर तास संपताना टेबलावर एक रिकामा खोका ठेवू लागले. ज्याचं जिथं अडलं असेल, त्यानं ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं, नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या पडत. त्यातल्या काहींवर पिठाचे पांढरे ठसे असत.

त्याच वर्षी वाशीमला एक प्रशिक्षण झालं. तंत्रज्ञानाच्या मदतीनं शिकवण्याचे अनुभव सांगायचे होते. इतरांनी आपापले व्हिडिओ दाखवले. काही फारच सुंदर होते, माझ्या राघूपेक्षा कितीतरी चांगले. माझी पाळी आली तेव्हा मी मुलीचे दोन संदेश ऐकवले आणि गिरणीतलं चित्रण दाखवलं. चित्रण हललेलं होतं, मध्येच एका बाईचा पदर कॅमेऱ्यासमोर आलेला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. एका साहेबांनी विचारलं, "हा व्हिडिओ किती जणांनी पाहिला?"

"हा कुणाला पाठवलाच नाही, साहेब," मी म्हटलं. "आधीचा एका मुलीनं चौदा वेळा पाहिला."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या शिक्षकाला बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत मात्र मंगरूळपीरकडच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "माझ्या वर्गातही कुणी थांबवत असेल का हो?" मी म्हटलं, "विचारून पाहा." त्यांचा फोन नंतर आला नाही, त्यामुळे त्यांनी विचारलं की नाही, मला माहीत नाही.

सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ, भाषणं, पंगत, सगळं झालं. गिरणीवाली काकू आली होती. तिनं घरून शेवया आणल्या होत्या, डबाभर. मुलगी सोबत होती. सरांच्या पाया पडायला रांग लागली तेव्हा तीही लागली. तिची पाळी आल्यावर सरांनी तिला उठवलं आणि म्हणाले, "गणित सोडू नको." बाकीच्यांना ते 'सुखी रहा' म्हणत होते. त्यांनी ती वही मला दिली. ती माझ्याकडे आहे. गणित आता दुसऱ्या शिक्षकांकडे आहे; त्यांना मी वही दाखवली, त्यांनी पाहिली आणि परत दिली. वर्षभरानं स्वतःहून मागून नेली, तीन दिवस ठेवली.

आता शाळेत आणखी काही आलं आहे. टीव्हीचं कव्हर गेलं, मुख्याध्यापक बदलले. मुलांना गोट्या खेळता येतात तितक्या सहज टॅब वापरता येतात. प्रश्न आला, बोट लावलं, हिरवी खूण किंवा लाल खूण. लाल आली की मुलं दुसऱ्या पर्यायावर बोट लावतात. हिरवी येईपर्यंत. मी मधून मधून टॅब पालथा ठेवायला लावते आणि विचारते, कसं आलं ते सांग. कधी सांगतात, बऱ्याचदा नाही. माझा आवाज वाढला आहे, असं मुलं म्हणतात. सरांसारखं एखादं वाक्य माझ्या तोंडून गेलं असेल, तर ते मला कुणी येऊन सांगणार नाही.

ती मुलगी आठवीनंतर एसटीनं मालेगावला जाऊ लागली. दहावीला गणितात तिला बरे गुण पडले. फार नाहीत, बरे. सरांना मी फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणत्या प्रश्नाले गेले गुण?" मला ते माहीत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात ती कागदांच्या कामासाठी शाळेत आली. अकरावीला वाशीमला प्रवेश घेतला होता, विज्ञान शाखा. उंच झाली होती. हातात स्वतःचा मोबाईल होता, काकूचा जुनाच, काच कोपऱ्यात तडकलेली. मी कागद काढेपर्यंत ती फळ्याकडे पाहत उभी होती.

"सरांचे व्हिडिओ आहेत का गं अजून?" मी विचारलं.

"नाही, म्याडम. काढून टाकले. जागाच नव्हती."

"बरं," मी म्हटलं.

"लागत नाही आता ते," ती म्हणाली, आणि मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून, "सर कसे आहेत?"

"बरे आहेत. शिरपूरलाच असतात. जाऊन ये एकदा."

"जातो ना," ती म्हणाली. मी कागदांवर शिक्का मारला. तिनं ते नीट पाहिले, एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "इथं जन्मतारीख बरोबर आहे ना, म्याडम?" मी रजिस्टर उघडून ताडून पाहिली. बरोबर होती. तिनं कागद पिशवीत ठेवले आणि फाट्यावरची बस गाठायला निघाली.